मादेईरा बेटावर फिरण्याची आखणी कशी करावी: बडोदेकर मराठी प्रवाशांसाठी

पोर्तुगालचे मादेईरा बेट नकाशावर पाहिले की तीन-चार दिवसांत सगळे पाहून होईल असे वाटते. लांबी सुमारे 57 किलोमीटर, रुंदी 22 किलोमीटर आणि क्षेत्रफळ जेमतेम 740 चौरस किलोमीटर. प्रत्यक्षात मात्र हे बेट म्हणजे अटलांटिक महासागरातून उभाच्या उभा वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर आहे. बेटाच्या मध्यावर पिको रुइवो हे 1,862 मीटर उंचीचे शिखर आहे आणि तेथून दोन्ही बाजूंचे उतार खोल दऱ्या पाडीत थेट समुद्रापर्यंत गेले आहेत. अशा ठिकाणी किलोमीटर मोजून वेळेचा अंदाज बांधता येत नाही. दक्षिण किनाऱ्यावर ऊन असताना शिखरावर धुके असते, उत्तरेला पाऊस पडत असतो आणि विमानतळावर वाऱ्यामुळे विमाने उतरत नसतात, असे एकाच दिवशी घडू शकते. म्हणून आधी स्थळांची यादी आणि मग वाहनाची सोय हा आपला नेहमीचा क्रम येथे उलटा करावा. कोणत्या दिवशी कोणते वाहन हाताशी असेल हे आधी ठरवावे आणि त्या वाहनाने जेथे सुखाने जाता येईल तीच ठिकाणे त्या दिवसाला लावावीत.

बडोद्यातून निघताना

मादेईरा हा 1976 पासून पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे, पण व्हिसाच्या दृष्टीने तो शेंगेन क्षेत्रातच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातच, मोडतो. बेटासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मुक्कामाच्या सर्वाधिक रात्री पोर्तुगालमध्ये असतील तर अर्ज पोर्तुगालकडेच करावा. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मे महिन्यात जायचे असेल तर या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यावा, कारण उन्हाळ्याच्या सुटीसाठी अर्जाच्या वेळा फार लवकर भरतात.

भारतातून लिस्बनला थेट विमान नाही. बडोदेकरांपुढे दोन सोयीचे मार्ग असतात: द्रुतगती मार्गाने अहमदाबादला जाऊन तेथून आखातमार्गे लिस्बन, किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन तेथून दुबई, इस्तंबूल अथवा फ्रँकफर्टमार्गे लिस्बन. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर अहमदाबादचा मार्ग बरा, कारण सामान घेऊन मुंबईची स्टेशने आणि रस्ते पार करण्याचा त्रास वाचतो. लिस्बन ते मादेईराची राजधानी फुंशाल हे उड्डाण सुमारे पावणेदोन तासांचे आहे. ते देशांतर्गत असल्यामुळे पासपोर्टची तपासणी आधीच, म्हणजे शेंगेनमध्ये जेथे पहिले पाऊल ठेवाल तेथे, झालेली असते. मुख्य भूमीवरून बोटीने बेटावर जाण्याची नियमित सोय नाही, त्यामुळे तो विचार मनातून काढून टाकावा.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. फुंशालचा विमानतळ बेटाच्या पूर्व भागात सांता क्रुझ येथे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. तो 1964 साली सुरू झाला तेव्हा धावपट्टी फारच आखूड होती. पुढे 2000 साली ती 2,781 मीटरपर्यंत वाढवली आणि त्यासाठी तिचा मोठा भाग समुद्राच्या कडेला उभारलेल्या 180 खांबांवर पेलला आहे. या खांबांखालून रस्ताही जातो. डोंगरावरून येणाऱ्या आडव्या वाऱ्यामुळे येथे उतरण्यासाठी वैमानिकांना खास प्रशिक्षण घ्यावे लागते आणि वारा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर विमाने शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर, कॅनरी बेटांवर किंवा सरळ लिस्बनला परत वळवली जातात. त्यामुळे फुंशालहून लिस्बन आणि त्याच दिवशी लिस्बनहून भारत अशी जोडणी स्वतंत्र तिकिटांवर कधीही करू नये. परतताना एक रात्र लिस्बनमध्ये काढावी. शहर पाहून होते आणि जिवाला घोर राहत नाही. विमान वळवले गेले किंवा रद्द झाले तर युरोपीय नियमांप्रमाणे कंपनीने जेवण व मुक्कामाची सोय करायची असते. हवामानामुळे झालेल्या विलंबाची भरपाई मात्र मिळत नाही. लिस्बन-फुंशाल तिकीट स्वस्त विमानकंपनीचे असेल तर सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा बरीच कमी असते, हेही बॅग भरण्याआधी पाहावे.

फुंशालचे तापमान हिवाळ्यात दिवसा 19-20 अंशांच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये 26 अंशांच्या जवळपास असते, म्हणून बाराही महिने जाता येते असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. ऑक्टोबर ते मार्च हा पावसाचा काळ असल्याने दिवाळीच्या सुटीत गेल्यास डोंगरातल्या पायवाटा बंद मिळण्याची शक्यता बरीच असते. शाळेच्या सुटीला बांधलेल्या कुटुंबाने मे महिना निवडावा. वसंत ऋतूतला पुष्पोत्सवही साधारण त्याच सुमारास असतो. जूनमध्ये फुंशालवर ढगांची टोपी बसते आणि कित्येक दिवस हलत नाही. 31 डिसेंबरच्या रात्रीची आतषबाजी प्रसिद्ध आहे, परंतु त्या आठवड्यात हॉटेलांचे दर असे चढतात की केवळ त्यासाठी जाणे माझ्या मते परवडण्यासारखे नाही.

मुक्काम कोठे करावा

मुक्काम फुंशालमध्येच करावा. बेटाच्या साधारण अडीच लाख लोकसंख्येपैकी लाखभर लोक या एका शहरात राहतात आणि बस, टॅक्सी, बोटी, सहली या सगळ्यांची सुरुवात येथूनच होते. शहर डोंगराच्या उतारावर चढत गेले आहे. घरभाडे स्वस्त दिसले म्हणून वरच्या अंगाचे घर घेतले तर रोज संध्याकाळी उभा चढ चढून जावे लागते. पायऱ्या आणि काळ्या बसाल्टच्या गोट्यांचे रस्ते गुडघ्यांना सोसत नसतील तर शहराच्या पश्चिमेला लिदो भागात, समुद्रालगतच्या सपाट फिरण्याच्या रस्त्याजवळ राहावे. तेथून शहराच्या मध्याकडे बस सतत असतात. ज्यांना बाजार, चर्च, जुन्या गल्ल्या पायी पाहायच्या आहेत त्यांना जुने शहर बरे. तेथे सांता मारिया नावाच्या गल्लीतील घरांची दारे चित्रकारांनी रंगवली आहेत आणि रात्री उशिरापर्यंत खाणावळींचा गलबला असतो. फुंशालमध्ये हॉटेलच्या बिलाखेरीज माणशी दर रात्री 2 युरो पर्यटनकर द्यावा लागतो.

बस, टॅक्सी की स्वतःची गाडी

विमानतळापासून फुंशाल सुमारे 20 किलोमीटरवर आहे. बस मिळते, आणि तीन-चार जण असतील तर टॅक्सीचा खर्चही फारसा बोचत नाही. येथील टॅक्सी पिवळ्या असून त्यांवर निळा पट्टा असतो; ॲपवरून गाडी मागवण्याची सोयही आहे.

फुंशाल शहरात पिवळ्या रंगाच्या शहर-बस चालतात. त्यांचे पुनर्भरणाचे कार्ड घेतल्यास चालकाकडे रोख देऊन काढलेल्या तिकिटापेक्षा प्रवास बराच स्वस्त पडतो. किनाऱ्यालगतच्या आव्हेनिदा दो मार या रस्त्यावर बहुतेक मार्गांचे थांबे आहेत. बाहेरगावी जाणाऱ्या बस वेगळ्या असून त्यांचे तिकीटही वेगळे असते. या बसने कामारा दे लोबोस, माशिको, सांताना, पोर्तो मोनीझ, कुराल दास फ्रेइरास येथे जाता येते, पण त्या गावकऱ्यांच्या नोकरी-शाळेच्या वेळांप्रमाणे धावतात. शनिवार-रविवारी फेऱ्या निम्म्याहून कमी होतात. म्हणून बाहेरगावची बस पकडताना जाण्याच्या वेळेआधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ पाहून ठेवावी. बसने एका दिवसात एकच गाव करावे.

पिको दो अरिएरो, राबासाल, फनाल या डोंगरी ठिकाणांना नियमित बस उपयोगी पडत नाही. तेथे तीन मार्ग उरतात: भाड्याची गाडी, दिवसभरासाठी ठरवलेली टॅक्सी, किंवा आठ-दहा जणांच्या छोट्या गाडीतून निघणारी सहल. गाडी घ्यायची असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना बडोद्यातच काढून घ्यावा आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा. वाहतूक उजव्या बाजूने चालते. रिबेइरा ब्राव्हापासून कानिसालपर्यंतचा दक्षिण किनाऱ्याचा जलदमार्ग उत्तम आहे, बोगद्यांमागून बोगदे आहेत आणि टोल नाही. कसोटी लागते ती या रस्त्यावरून खाली उतरल्यानंतर. गावातले रस्ते अरुंद असून चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीसाठी चार पैसे जास्त मोजावे आणि इंजिन फार लहान घेऊ नये. ज्यांनी उजव्या बाजूने कधी गाडी चालवलेली नाही त्यांनी येथे पहिला धडा गिरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन दिवस टॅक्सी आणि बाकीचे दिवस बस हा मेळ कुटुंबाला अधिक निश्चिंत ठेवतो. फुंशालमध्ये गाडी उभी करायला जागा मिळणे कठीण असल्याने सगळे दिवस गाडी ठेवण्यापेक्षा डोंगराच्या दिवसांपुरतीच ती घ्यावी.

फुंशाल आणि वरचे मोंते

शहराची सुरुवात लाव्रादोरेस बाजारापासून करावी. 1940 साली उघडलेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेली चित्रे आहेत, आत फुले, फळे व भाज्या आहेत आणि खालच्या अंगाला मासळीबाजार आहे. तेथे लांब, काळाकुट्ट, मोठ्या डोळ्यांचा मासा दिसेल. तो एस्पादा. शेकडो मीटर खोल पाण्यातून गळाने वर काढतात. फळांमध्ये पॅशन फ्रूटचे कितीतरी प्रकार मिळतात आणि आपल्या सीताफळाच्याच कुळातले अनोना नावाचे फळही मिळते. गर गोड, बिया कमी. विक्रेते कापून चव देतात, पण वजन करून पिशवीत भरण्याआधी किलोचा भाव विचारून घ्यावा. तेच फळ कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात बरेच स्वस्त असते. बाजारापासून दहा मिनिटांच्या अंतरावर कॅथेड्रल आहे. 1517 मध्ये त्याचे अभिषेकविधी झाले. बाहेरून ते साधे दिसते. आत गेल्यावर मान वर करून बेटावरच्याच लाकडाचे कोरीव छत पाहावे.

मोंते हे शहराच्या डोक्यावरचे उपनगर. जुन्या शहरातून तेथे केबलकार जाते. ती 2000 साली सुरू झाली. सुमारे 3.2 किलोमीटरचे अंतर आणि 560 मीटरची चढण ती पंधरा मिनिटांत पार करते. पावागडच्या उडनखटोल्याची सवय असलेल्या बडोदेकराला तिचे भय वाटू नये, फक्त येथे पायाखाली जंगलाऐवजी लोकांची कौले, परसबागा आणि केळीची खाचरे सरकत जातात. सकाळी लवकर जावे, कारण बंदरात क्रूझ जहाज लागले की दहानंतर रांग लांबते. जहाजांचे वेळापत्रक बंदराच्या संकेतस्थळावर आधीच पाहता येते आणि ते पाहून मोंतेचा दिवस ठरवणे ही छोटीशी युक्ती फार कामाची आहे.

वर गेल्यावर मोंते पॅलेसची बाग पाहावी. सुमारे 70,000 चौरस मीटरांवर पसरलेल्या या बागेत तलाव, जपानी पद्धतीचे कोपरे आणि रंगीत फरशांवरच्या जुन्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. तिला दोन तास तरी द्यावेत. जवळच्या चर्चमध्ये ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल याची समाधी आहे. पहिल्या महायुद्धानंतर पदच्युत होऊन तो या बेटावर आला आणि 1 एप्रिल 1922 रोजी येथेच वारला. बागेपेक्षा हे ठिकाण पाहणारे थोडे असतात, पण इतिहासाची आवड असणाऱ्याने चुकवू नये.

चर्चच्या पायथ्याशी पांढरे कपडे आणि गवती टोप्या घातलेले पुरुष वेताच्या घसरगाड्या घेऊन उभे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली ही पद्धत आहे. दोन-तीन प्रवाशांना गाडीत बसवून दोघेजण दोरांनी ती आवरत, रबरी तळव्यांच्या बुटांनी वेग रोखत, वाहतूक असलेल्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावरून सुमारे 2 किलोमीटर खाली नेतात. मजा येते, पण भाडे घसघशीत आहे आणि रविवारी ही सोय बहुधा बंद असते. कंबरेचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये. शिवाय ही गाडी शहरापर्यंत पोचवत नाही. ती मध्यावरच लिव्रामेंतो येथे सोडते, आणि तेथून उतरत चालत जावे लागते किंवा टॅक्सी करावी लागते. तेथे थांबलेले टॅक्सीवाले जास्त भाडे सांगतात. जवळच्या थांब्यावरून बस मिळते.

मुलांना फुटबॉलचे वेड असेल तर बंदराजवळचे क्रिस्तियानो रोनाल्डोचे संग्रहालय टाळता येणार नाही. त्याचा जन्म 1985 साली याच शहरात झाला आणि 2017 पासून विमानतळालाही त्याचेच नाव आहे.

किनाऱ्याने पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे

फुंशालच्या पश्चिमेला कामारा दे लोबोस हे कोळ्यांचे गाव आहे. रंगीत होड्या, सुकत घातलेली मासळी आणि छोटी खाडी. 1950 च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल यांनी येथे बसून चित्र रंगवले होते, त्याची आठवण गावाने जपली आहे. त्याच्या पुढे काबो जिराँव हा 580 मीटर उंचीचा सागरी कडा आहे. 2012 मध्ये त्याच्या टोकावर काचेच्या तळाचा सज्जा बांधला. थोडे प्रवेशशुल्क आहे. ही दोन ठिकाणे बसने अर्ध्या दिवसात होतात.

उत्तरेकडच्या पोर्तो मोनीझसाठी मात्र पूर्ण दिवस हवा आणि वाटेत थांबायचे असेल तर चारचाकीही हवी. तेथे लाव्हा समुद्रात उतरून थिजला आणि त्याच्या खळग्यांत भरतीचे पाणी साचून नैसर्गिक कुंडे तयार झाली. पाणी उन्हाळ्यातही गारच असते. मोठ्या लाटा असल्या तर कुंडे बंद ठेवतात. वाटेत सेशालचा काळ्या वाळूचा किनारा लागतो. मादेईरावर सोनेरी वाळू मुळात नाही. काल्येता आणि माशिको येथे दिसणारी पिवळी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. परतताना हवा स्वच्छ असो वा धुके असो, फनालच्या पठारावर थांबावे. तेथील तील जातीची शेवाळलेली, वाकडीतिकडी झाडे शतकांची जुनी आहेत आणि धुक्यातच ती अधिक चांगली दिसतात. बेटाचे हे मूळ जंगल 1999 मध्ये जागतिक वारसा ठरले. सुमारे 15,000 हेक्टरांवर ते टिकून आहे. झाडांवर चढून फोटो काढू नयेत; मुळांभोवतीची माती तुडवली गेल्याने काही भागांत कुंपण घालावे लागले आहे.

वायव्य टोकाजवळ आशादास दा क्रुझ येथे कड्यावरून सुमारे साडेचारशे मीटर खाली उतरणारी छोटी केबलकार आहे. ती मुळात खालच्या किनारपट्टीवरच्या शेतांत जाण्यासाठी शेतकऱ्यांची सोय म्हणून बांधली. वारा असला की बंद असते.

पाटांच्या वाटा

मादेईराला जाऊन एकही लेव्हादा चालला नाही तर बेट पाहिले असे म्हणता येत नाही. लेव्हादा म्हणजे पाण्याचे पाट. पाऊस उत्तरेला आणि डोंगरात, ऊस व केळीची शेती दक्षिणेला, हा पेच सोडवण्यासाठी पंधराव्या शतकापासून कड्यांच्या पोटात पाट खोदले गेले आणि त्यांची एकूण लांबी 2,000 किलोमीटरहून अधिक भरते. पाटकऱ्याला चालण्यासाठी ठेवलेली कडेची चिंचोळी वाट हीच आज प्रवाशांची पायवाट आहे. पाण्याच्या उताराइतकाच तिचा उतार असल्याने दम लागत नाही, हे तिचे मोठे वैशिष्ट्य आहे. भय वेगळ्याच गोष्टीचे असते: काही ठिकाणी वाट अर्ध्या मीटरची, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. उंचीची भीती असणाऱ्याने येथे धाडस करू नये.

सुरुवात रिबेइरो फ्रियोपासून बाल्कोएस या सज्जापर्यंतच्या दीड किलोमीटरच्या वाटेने करावी. ती रुंद आणि जवळजवळ सपाट असून आजी-आजोबा व लहान मुले सहज चालतात; हवा स्वच्छ असेल तर टोकावरून मधली शिखरे समोर दिसतात. त्यानंतरची पायरी राबासालची. मुख्य रस्त्यापासून खालच्या विश्रामगृहापर्यंत छोटी गाडी मिळते, मुख्य रस्त्यापासूनच चालत गेल्यास पंचवीस झऱ्यांच्या कुंडापर्यंत जाऊन-येऊन सुमारे 9 किलोमीटर होतात. गर्दी फार असते; सकाळी आठला चालू लागावे किंवा दुपारी तीननंतर. सर्वांत देखणी वाट सांतानाजवळच्या केमादासपासून काल्देराँव व्हेर्देच्या धबधब्यापर्यंतची, एका बाजूने साडेसहा किलोमीटर. वाटेत अंधारे बोगदे आहेत. त्यांत वाकून चालावे लागते, पायाखाली पाणी असते आणि मोबाइलचा दिवा पुरत नाही, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी हवी. बुटांचे तळवे घट्ट पकडणारे असावेत. बडोद्यात फिरायला वापरतो ते गुळगुळीत तळव्याचे बूट ओल्या दगडावर घात करतात.

पूर्वेचे पोंता दे साँव लोरेन्सो हे अगदी निराळे ठिकाण आहे. झाड नाही, सावली नाही. लालसर-करड्या खडकांचे निमुळते टोक समुद्रात घुसले आहे. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर चालायचे आहे आणि वाटेच्या सुरुवातीपर्यंत फुंशालहून बस जाते, म्हणून गाडी नसलेल्यांसाठी हीच पदयात्रा उत्तम. पाणी आणि टोपी विसरू नये.

पिको दो अरिएरोच्या 1,818 मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत रस्ता गेला आहे. लोक सूर्योदयासाठी पहाटे तेथे पोचतात आणि गाड्या उभ्या करायची जागा उजाडण्याआधीच भरते. निघण्यापूर्वी शिखरावरच्या लाइव्ह कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर पाहावे. फुंशालमध्ये ढग असले तरी माथा त्या ढगांच्या वर मोकळा असू शकतो, आणि नेमके उलटेही असू शकते. उन्हाळ्यातही तेथे पहाटे स्वेटर लागतो. तेथून पिको रुइवोकडे जाणारी कड्यावरची वाट बेटावर सर्वांत नामांकित आहे, परंतु ऑगस्ट 2024 च्या वणव्यात तिचे नुकसान झाले. ती किंवा अन्य कोणतीही वाट त्या दिवशी खुली आहे का, हे प्रादेशिक वनविभागाच्या यादीत पाहूनच निघावे. बंद म्हटलेली वाट खरोखरच धोक्यामुळे बंद असते. अधिकृत वाटांवर बाहेरच्या प्रवाशांकडून शुल्क घेतात. ते ऑनलाइन आधी भरून त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी. अपघात झाल्यास 112 हा क्रमांक लावावा.

चालणे जमणार नसेल तर कुराल दास फ्रेइरास हे दरीतले गाव बसने पाहता येते. 1566 मध्ये समुद्री चाच्यांनी फुंशाल लुटले तेव्हा जोगिणींनी या दरीत आश्रय घेतला होता. खाली गावात जाण्यापेक्षा वरच्या एइरा दो सेरादो या 1,095 मीटरवरच्या सज्जावरून दिसणारे दृश्य अधिक चांगले आहे. सांतानाची गवताने शाकारलेली त्रिकोणी घरे मात्र माझ्या मते वाटेत अर्धा तास थांबण्यापुरतीच आहेत.

पोर्तो सांतो

सोनेरी वाळू हवी असेल तर फुंशालच्या बंदरातून पोर्तो सांतोची बोट पकडावी. एका बाजूला सुमारे अडीच तास लागतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते, पण हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. नऊ किलोमीटर लांबीचा किनारा आणि कोलंबसशी संबंधित छोटे संग्रहालय एवढेच पाहण्यासारखे आहे. कोलंबसने या बेटाच्या पहिल्या सुभेदाराच्या मुलीशी लग्न केले होते. समुद्र खवळलेला असेल तर बोट लागण्याची गोळी आधी घ्यावी. ज्यांना पोहण्याची आवड नाही त्यांनी हा दिवस डॉल्फिन आणि देवमासे दाखवणाऱ्या कॅटामरान या दुहेरी तळाच्या बोटीला द्यावा. तीन तासांत परत येता येते.

जेवणखाण आणि खरेदी

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही, परंतु आधी विचारावे लागते. ‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे म्हटले तरी भागते. गरम बसाल्टच्या दगडावर भाजलेली, रताळे घातलेली बोलो दो काको ही जाड भाकरी लसणीच्या लोण्याबरोबर सगळीकडे मिळते. मक्याच्या पिठाचे तळलेले चौकोन मिल्यो फ्रितो चांगले लागतात. भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचे पाणी असू शकते, आणि काल्दो व्हेर्दे या हिरव्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा घालण्याची रीत आहे. मांसाहारींनी लॉरेल या सुगंधी झाडाच्या काठीवर भाजलेली एस्पेतादा, म्हणजे गोमांसाचे तुकडे, आणि केळ्याबरोबर तळलेला एस्पादा खावा. सोबत नेण्यासाठी चिवडा, भाकरवडी, मेथीचे ठेपले चालतात. दूध व मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेण्यास बंदी आहे, त्यामुळे पेढे, श्रीखंड, तूप घरीच ठेवावे. पाटाच्या वाटेवर हॉटेल नसते, तेव्हा हे ठेपलेच दुपारचे जेवण होतात.

घरी आणण्यासाठी काकवी घातलेला बोलो दे मेल हा केक बराच टिकतो. त्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचून घ्यावेत. हातभरतकामाचे रुमाल आणि मेजपोस महाग असतात, पण प्रादेशिक संस्थेची मोहोर असलेलाच नग खरा. मादेईरा वाइनचा इतिहास आपल्याशीही जोडलेला आहे: जहाजांतून भारताच्या बाजूला जाऊन परत आलेली पिंपे उष्ण कटिबंधातल्या उन्हाने अधिक चवदार झाल्याचे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले आणि पुढे ती मुद्दाम गरम ठेवून मुरवण्याची पद्धत रूढ झाली. फुंशालमधल्या जुन्या तळघरांत ही सगळी प्रक्रिया दाखवतात आणि चवीलाही देतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने परवाना नसताना बाटली बडोद्याला आणता येत नाही, म्हणून चव तेथेच घ्यावी आणि बॅगेतली जागा केक व भरतकामासाठी राखावी.